मामाजींचे दात आणि माझा प्लग

गडचांदूरला, माझ्या सासुरवाडीला, सकाळी बाहेर पडलं की पहिलं काम म्हणजे गाडीची सीट पुसणं. सिमेंटच्या या गावात रात्रीतून सगळ्यावर पांढरी पूड बसते. तुळशीवर, दोरीवरच्या बनियनवर, अंगणातल्या कुत्र्यावरसुद्धा. कुत्रं अंग झटकून मोकळं होतं. मी मात्र माझी मोटारसायकल मनापासून पुसत होतो, कारण ती नुकतीच विकत घेतली होती. नुकतीच म्हणजे मी नुकतीच. माझ्याआधी किती जणांनी घेतली होती ते विचारायचं राहून गेलं होतं.

तेवढ्यात भामरागडहून माधवीचा फोन आला. माधवी माझी बायको. सांगलीत ती माझ्यासारखंच बोलते, पण माहेरच्या मुलखात पाऊल पडलं की तिची भाषा बदलते.

"बाबाचे दात तिथी राह्यले का पाहा बरं."

मोरीच्या खिडकीत स्टीलच्या वाटीत दात होते. वरचे आणि खालचे, पाण्यात, निवांत हसत.

माझे सासरे, म्हणजे मामाजी (आमच्याकडे नुसतं 'मामा', इकडे 'जी' लावल्याशिवाय चहा येत नाही), यांनी उभी नोकरी भामरागडच्या एका आश्रमशाळेत केली. त्यांचे जुने विद्यार्थी, ज्यांच्यातले कित्येक आता स्वतः आजोबा आहेत, त्यांचा सत्कार करणार होते. आदल्या रात्री विद्यार्थ्यांनी जीप पाठवली आणि मामाजी अर्धवट झोपेतच माधवीला घेऊन पुढे गेले. मी हौसेने मागे राहिलो. मला नव्या गाडीवरून, एकट्याने, जंगलातून जायचं होतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं काहीतरी होतं आणि त्यावर घरचा कुठलाही उपाय चालत नाही.

"सकाळपासून तोंडावर टावेल धरून बसले आहेत," माधवी सांगत होती. "चहा नाई का पानी नाई. म्हन्तेत, मी स्टेजवर जातच नाई."

"अगं, सत्कार तर आहे. नारळ घ्यायला दात कशाला?"

"त्याईले हजेरी घ्याची आहे ना."

मग मला आठवलं. महिनाभर मामाजी फोनवर हेच बोलत होते. भाषण वगैरे काही नाही; आपल्या पहिल्या वर्गाची हजेरी ते तोंडपाठ घेणार होते. त्या काळी बाहेरून आलेले मास्तर आणि साहेब मुलांची माडिया आदिवासी नावं हवी तशी मोडून घ्यायचे, नाहीतर सरळ बदलून टाकायचे. मामाजींनी एकाचंही नाव बदललं नाही. आईने जसं घेतलं तसं त्यांनी घेतलं. आयुष्यात त्यांना कशाचा अभिमान असेल तर तो एवढाच. आणि दात नसले की त्यांच्या तोंडून नावाऐवजी नुसता वारा बाहेर येतो.

"म्हन्तेत, लेकराईचे नावं बोबडे घेऊ का?" माधवी म्हणाली आणि तिचाच आवाज जरा ओला झाला. "ऊन कललं का कार्यक्रम सुरू होते. तुम्ही निघा आता."

लोणच्याची एक छोटी फिरकीची डबी रिकामी होती. ती साबणाने तीनतीनदा धुतली, ओल्या फडक्यात दात गुंडाळून आत ठेवले आणि डबी शर्टाच्या आत, पोटाशी घेतली. सासऱ्यांशी इतकी जवळीक माझी कधी झाली नव्हती.

गाडीबद्दल सांगायचं तर ती कोरपन्याच्या एका कापूस उत्पादकाकडून घेतली होती. सौद्याच्या वेळी त्याने टाकीवर हात फिरवत सांगितलं होतं, "गाडी लय इमानदार आहे. फक्त गरम झाली का थोडी रुसते." मी तो गुण समजलो. दुसरी एक गोष्ट त्याने सांगितली नव्हती: मागचा ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. हॉर्नचं बटण दाबलं तर काहीच व्हायचं नाही. म्हणजे गाडी थांबतानाच लोकांना कळायचं की ती येत होती.

राजुऱ्यापर्यंत ट्रकांच्या मागून धूळ खात गेलो. बल्लारपूरला आलूबोंडा आणि वरून झणझणीत तर्री घेतली. टपरीवाल्याला "तिखट कमी" असं सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि विचारलं, "तब्येत बरी नाई का?" कोठारीच्या पुढे सागवान सुरू झालं. थंडीचे दिवस, मोठमोठी पानं वाळून रस्त्यावर पडलेली, आणि गाडी त्यांच्यावरून गेली की पापड मोडल्याचा आवाज. मी खुशीत गाणं म्हणू लागलो. गाडीला ते आवडलं नसावं. गोंडपिपरीच्या अलीकडे तिने पहिली उचकी दिली.

गोंडपिपरीत रस्त्याच्या कडेला एक मेकॅनिक शेंगा खात बसला होता. गाडी त्याच्यापुढे हॉर्न वाजवत थांबली.

"आयकू येते मले," तो म्हणाला. "कोनाची गाडी?"

"माझीच. नवीन घेतली."

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एक शेंग पुढे केली. मग पान्याने स्पार्क प्लग काढून उन्हात धरला. पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी बारीक चीर होती.

"प्लग जाऊन राह्यला तुमचा. माह्याजवळचे सरले. घासून देतो, आलापल्लीपावतर जाईन. तिथी नवा घ्या. या मापाचा प्लग अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्याईले चालते, कुठी बी भेटन." त्याने पॉलिशपेपरने प्लगचं टोक घासलं, फट दाखवली. "ही फट नखाएवढी ठेवाची. जास्त नाई, कमी नाई. कळलं का?"

कळलं, असं मी म्हणालो. तो पान्याने प्लग बसवत असताना मी शेजारी उभं राहून इतक्या समजूतदारपणे मान हलवली की मला स्वतःलाच मेकॅनिक झाल्यासारखं वाटलं. पुढचा सगळा अनर्थ या मान हलवण्यातून झाला.

आष्टीला वैनगंगा ओलांडली आणि आलापल्लीला पोचेपर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. तिथे नवा प्लग मिळाला, खोक्यासकट. दुकानदार म्हणाला, "लावून देऊ का?" मी म्हणालो, "नको, मी लावीन." घाई होती हे एक कारण. दुसरं कारण असं की सीटखालच्या पिशवीत माझा स्वतःचा प्लगपाना होता आणि तो एकदाही वापरलेला नव्हता.

आलापल्लीच्या पुढचं जंगल पाहून बोलणं आपोआप कमी होतं. सागाची उंच सरळ खोडं, मधे बांबूची बेटं, कुठे मोहाचं एखादं भलंमोठं झाड, आणि मग अचानक मोकळं होऊन कापलेल्या धानाची खाचरं. घरांपुढे लाकडी मांडव, मांडवावर तणसाचे ढीग, ढिगाखाली सावलीत गाई. फोनची रेघ गेली ती गेलीच. मला फार बरं वाटत होतं. पेरमिली मागे पडल्यावर एका छोट्या पुलाशी गाडी रुसली.

मी अजिबात घाबरलो नाही. उलट मला याच क्षणासाठी बाहेर पडल्यासारखं वाटलं. पुलाच्या कठड्यावर सामान नीट मांडलं: पाना, नव्या प्लगचं खोकं, आणि वाकताना पोटाला टोचत होती म्हणून दातांची डबी. इंजिनावरचा रबरी टोप काढला, पाना लावला, जुना प्लग सोडवला आणि हाताने धरला. तो तापलेला असतो हे मेकॅनिकने सांगितलं नव्हतं, कारण ते सांगावं लागेल असं त्याला वाटलं नसणार. मी बोट तोंडात घालून पुलावर नाचत असताना मागे कठड्यावर एक वानर येऊन बसलं.

त्याने आधी डबी उचलली. डबीत काहीतरी हललं. ते त्याला आवडलं.

मी आयुष्यात कुणाच्या इतक्या विनवण्या केल्या नाहीत. "बाबा रे, ती ठेव. ते सासऱ्यांचं आहे. तू ते दुसरं घे." मी खोक्याकडे बोट दाखवलं. वानराने डबी कानाशी हलवली, मग खाली ठेवली, आणि माझा सल्ला ऐकून खोकं घेऊन झाडावर गेलं. वर बसून त्याने ते शिस्तीत उघडलं, प्लग चावून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि पुलाखालच्या वेळूच्या जाळीत टाकून दिला. मी काटे अंगावर घेत बराच वेळ शोधलं. सापडली ती एक फाटकी चप्पल. ती कुणाची, देव जाणे.

जुना प्लग परत लावला, किक मारत राहिलो. काही नाही. डबी शर्टात घातली आणि गाडी ढकलू लागलो. सूर्य आता डोक्यावरून सरकायला लागला होता. तोंडावर टॉवेल धरून बसलेले मामाजी डोळ्यांपुढे यायला लागले आणि माझी हौस हळूहळू उतरली.

तेव्हा जंगलातून घंटेचा आवाज आला. टण्ण, आणि त्यामागोमाग बारीक खुळखुळ. आधी एक तांबडी गाय बाहेर आली, तिच्यामागे सगळी गुरं, आणि सगळ्यांत शेवटी खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला एक उंच माणूस. त्यानेच नाव सांगितलं, लालसू. गावात गुरं राखायची पाळी असते, आज एका घराची, उद्या दुसऱ्या घराची. आज त्याची होती.

"जोहार," तो म्हणाला. "काऊन ढकलून राह्यले?"

मी मेलेला प्लग दाखवला. असा कुणाकडे असेल का, नाहीतर भामरागडला सोडायला कुणाची गाडी असेल का, असं विचारलं.

"गाड्या तं आज भामरागडलेच गेल्या. कारेक्रम आहे तिथी." त्याने प्लग हातात घेऊन फिरवला आणि मोठ्याने हसायला लागला. "हे तं आहे आमच्याजवळ. गाईच्या गळ्यात आहे."

तो थट्टा करतोय असं मला वाटलं. त्याने तांबडीला थांबवून तिच्या गळ्यातली घंटा उचलून दाखवली. तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून केलेली घंटा, आणि आत लोलक म्हणून दोरीला टांगलेला स्पार्क प्लग. कधीतरी रस्त्यावर खोक्यासकट सापडला होता, कुणाच्या तरी खिशातून पडलेला. आधी लाकडाचा लोलक होता, तो पावसात फुगायचा. हा फुगत नव्हता. अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्यांना चालणारा प्लग इथे एका गाईला चालत होता.

"लालसू भाऊ, तो मला द्या. हा माझा तुम्ही घ्या. वाजायला काय, तोही वाजेल."

"मी काऊन देऊ? गाय जुरीबाईची आहे. घंटी गावाची आहे. गावाले विचारा लागते."

गाव रस्त्यापासून थोडंच आत होतं. गाडी गोटुलाशी (गावाने एकत्र बसण्याचं मोठं छप्पर) उभी करताना ब्रेक दाबला आणि हॉर्नने दोन बकऱ्या उधळल्या. त्यामुळे वेगळी दवंडी द्यावी लागली नाही. माणसं जमली. मला खाटेवर बसवलं, पाण्याचा तांब्या आला, मग पानाच्या द्रोणात आंबील आली आणि सोबत लाल मुंग्यांची चटणी. घाईत आहे असं मी सांगितलं. आंबील पिऊन घ्या, मग घाई करा, असं मला सांगण्यात आलं. चटणी आंबटतिखट होती आणि जिभेला झोंबून डोळ्यांतून बाहेर पडली. बल्लारपूरच्या टपरीवाल्याची मला आठवण आली.

लालसूने गोंडीत सगळं सांगितलं. माणसं बोलली, बायका बोलल्या, एकेकाने मान हलवली. सगळ्यांची हरकत संपली आणि एक उरली. खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "हिल्ले." (नाही.)

ही जुरीबाई. केस पांढरे, कानात बाळ्या, तोंडात एकही दात नाही.

मला वाटलं, झालं, एक विरुद्ध सगळं गाव. मी लालसूला हळूच म्हणालो, "पण बाकी सगळे हो म्हणाले ना?"

"मंग?"

"मग झालं की. बहुमत."

"ते तुमच्याकडं," लालसू शांतपणे म्हणाला. "आमच्यात सगळे हो म्हन्ले तवाच हो."

आणि सगळे बसून राहिले. कुणी जुरीबाईला समजावलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. एकाने विडी पेटवली, एक बाई सूप घेऊन धान पाखडायला लागली. सूर्य मात्र कुणाचीही संमती न घेता खाली येत होता. अशी शांतपणे वाट पाहणारी माणसं मी सांगलीच्या सोसायटीच्या सभेत तरी पाहिलेली नाहीत. तिथे पार्किंगच्या विषयावर एकदा खुर्ची फेकली गेली होती.

शेवटी जुरीबाईच माझ्याशी मराठीत बोलली. "जंगलात गाय दिसत नाई, आयकू येते. आवाज बदलला का गाय हरपली. तिच्यामागं सारे ढोरं हरपले. तुले एवढी घाई काऊन आहे?"

बोलून समजणार नाही म्हणून मी डबी काढली, झाकण फिरवलं आणि फडकं उलगडलं. सगळे वाकून पाहू लागले. मागून एक बाई फिसकन हसली. जुरीबाईने आधी वरचे, मग खालचे दात हातात घेतले, कानाशी नेऊन एकमेकांवर वाजवले आणि लालसूला म्हणाली, "हेच बांध ना गाईले. आवाज चांगला आहे."

सगळं गाव लोळून हसलं. मीही हसलो आणि हसता हसता हात पुढे करून ठेवला, कारण लालसू खरंच विचार करताना दिसत होता.

"कोनाचे होत?" तिने विचारलं. मी मामाजींचं नाव सांगितलं.

"सरचे?" म्हातारी सरळ बसली. "सरचे दात पडले?" आता ती एकटी हसायला लागली, पदराने डोळे पुसेपर्यंत. "माह्या पेकाले शाळेत न्यायले आला होता, तवा हे एवढे दात होते त्याले. पेका रडून राह्यला अन् सर हासून राह्यला. आज पेका त्याच्याचसाठी गेला भामरागडले, गाडी घेऊन." मग तिने दात फडक्यात ठेवले. "मले तं एक बी दात नाई. मी बोलून नाई राह्यली का?"

"बाई, तुमचं बोलणं वेगळं. त्यांना सगळ्यांची नावं घ्यायची आहेत. पाठ. एकही चुकायला नको म्हणून तोंड झाकून बसलेत."

"पेकाचं बी?"

"पेकाचंही."

तिने दात फडक्यात गुंडाळून डबीत ठेवले. तिचा पोरगा पहिल्यांदा घरातून गेला तेव्हा त्याचं नाव तेवढं तिने बरोबर दिलं असणार, आणि ते सांभाळणारा माणूस आज टॉवेलमागे बसला होता. मला ते एकदम जाणवलं आणि मी डबीचं झाकण घट्ट फिरवलं.

"मंग आवाज सारखा करून दे," ती म्हणाली. "अन् घेऊन जा."

त्यानंतर गोटुलाच्या अंगणात जे झालं ते कुठल्याही गॅरेजमध्ये होत नाही. लालसूने घंटेतला प्लग सोडला, माझा मेलेला प्लग बांधला आणि तांबडीला गोटुलाच्या मागे नेऊन चालवलं. जुरीबाई पुढे बसून ऐकत होती. टण्ण. "हिल्ले." दोरी आखूड केली. टण्ण. "हिल्ले." दोरी लांब केली. ठण्ण. "हे तं मंदिर झालं," कुणीतरी म्हणालं. मी घायकुतीला आलो. दोन्ही प्लग हातात घेऊन पाहिले तेव्हा फरक सापडला. त्यांचा प्लग कधी इंजिनात आवळलाच नव्हता, म्हणून त्याच्या गळ्यातली पत्र्याची चकती सैल होती आणि हलली की खुळखुळायची. माझी चकती दाबून दाबून घट्ट बसली होती. टण्ण होतं, मागची खुळखुळ नव्हती. आणि ती सैल चकती काढून देणं शक्य नव्हतं, तिच्याशिवाय इंजिनातली हवा कोंडत नाही.

खिसे चाचपले. किल्ली होती आणि किल्लीला लोखंडी कडी. ती कडी काढून मेलेल्या प्लगच्या गळ्यात अडकवली. लालसू गाय घेऊन पुन्हा मागे गेला. टण्ण, आणि मग खुळखुळ.

जुरीबाईने मान वळवली. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. ती पाहत होती पलीकडच्या कुडाकडे, जिथे तांबडीचं वासरू बांधलेलं होतं. इतका वेळ ते मान खाली घालून तणस चघळत होतं. आता त्याने मान वर केली, कान टवकारले, दावं ताणलं आणि आईला हाक मारली. गोटुलामागून तांबडीने उत्तर दिलं.

"जा," जुरीबाई म्हणाली. वासरू हो म्हणालं म्हणजे सगळे हो म्हणाले.

गाईच्या गळ्यातल्या प्लगवर गवत, माती आणि बहुधा शेण यांचा थर होता. पेट्रोलने धुतला, लालसूच्या कुऱ्हाडीच्या पात्यावर टोक घासलं, फट नखाने मापली. माझं बोट मघाच्या भाजण्याने सुजलं होतं, म्हणून लालसूचं नख वापरलं. पाना फिरवला, टोप बसवला. पहिल्या किकला काही नाही. दुसरीला धूर. तिसरीला गाडी अशी गरजली की बकऱ्या पुन्हा उधळल्या. कडी गेली म्हणून किल्ली आता सुटी होती, जुरीबाईने तिला शिंदीच्या पानाची वळलेली दोरी बांधून दिली आणि म्हणाली, "सरले सांग, माह्या पोराचं नाव नीट घेजो."

भामरागडच्या अलीकडचा पूल ओलांडताना खाली नदीचं पात्र शांत पडलं होतं. पावसाळ्यात हीच नदी गावाला जगापासून तोडते, यावर विश्वास बसला नसता. मी पाहायला थांबलो नाही. शाळेच्या मैदानात मांडव, माणसं, गजरे, आणि मंचावर मधल्या खुर्चीत मामाजी. माधवीने ओढून आणलं असावं. तोंडावर टॉवेल. निवेदकाने "आता सर दोन शब्द" असं म्हटलं आणि मामाजी नकाराची मान हलवत होते, एवढ्यात मी मांडवाच्या तोंडाशी ब्रेक दाबला. मोठा हॉर्न वाजला. सगळं मैदान वळलं.

डबी हातोहात पुढे गेली. मला वाटतं तिथल्या निम्म्या लोकांनी तो प्रसाद समजून कपाळाला लावला. मामाजी पाठ फिरवून उभे राहिले, खांदे थोडे हलले, आणि वळले तेव्हा टॉवेल खांद्यावर होता.

त्यांनी नमस्कार केला नाही, पाहुण्यांची नावं घेतली नाहीत. सरळ हजेरी सुरू केली. एकेक नाव, त्याच्या गावासकट, आईने हाक मारावी तसं. आणि मांडवात कुठे पांढऱ्या मिशांची, कुठे चष्म्याची, कुठे कडेवर नात घेतलेली अशी माणसं उभी राहून म्हणू लागली, "हजर, सर." एका नावाला कुणीच उठलं नाही. मामाजी थांबले, मांडव थांबला. मग मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "बाबा नाई राह्यले सर. मी आहे. हजर." मामाजींनी मान खाली घातली आणि पुढचं नाव घेतलं. पेकाचं होतं. दारात उभा असलेला एक भक्कम गडी लहान पोरासारखा हात वर करून ओरडला. मला रडू आलं आणि मी ते धुळीवर ढकललं.

कार्यक्रम झाल्यावर मामाजींनी मला बाजूला घेतलं. वाटलं, पाठ थोपटतील.

"जवाईबापू, दाताले पेट्रोलचा वास काऊन येऊन राह्यला? अन् थोडा धुराचा बी?"

मी म्हणालो, प्रवासाचा असेल.

दुसऱ्या दिवशी जीप तयार असताना मामाजी माझ्या मागे गाडीवर बसले. मी भामरागडात एक नवा प्लग घेतला होता, गावाचा गावाला परत द्यावा म्हणून. गोटुलाशी थांबलो. हॉर्न वाजला. जुरीबाई बाहेर आली, मामाजींसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दाखव." मामाजींनी आज्ञाधारकपणे दात दाखवले. कुणाच्या हातातून आले, ते मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. प्लग मात्र तिने परत घेतला नाही. "आता गाईनं तुझा आवाज शिकून घेतला," ती म्हणाली. "पुन्हा काऊन शिकवाचं तिले?"

गाडी सांगलीपर्यंत चालवत आणायचा बेत होता. ती ट्रकमधून आली, यावर घरात फार चर्चा करायची नाही असं ठरलं आहे. इथल्या मेकॅनिकने प्लग काढून पाहिला, म्हणाला, चांगला आहे, पण याच्यावर हे ठोके कसले? मी सांगितलं, हा आधी गाईकडे होता. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही. प्लग मी बदललेला नाही आणि किल्लीची दोरीही तीच आहे. प्रवासाला निघताना मला जंगल एकट्याने जिंकायचं होतं. झालं असं की एक अख्खं गाव, एक गाय आणि एक वासरू हो म्हणाल्यावर माझी गाडी सुरू झाली, आणि खरं सांगतो, तेव्हापासून किक मारताना मला एकटं वाटत नाही.

मामाजी आता अधूनमधून पेकाकडे जातात, दात घेऊन. परवा तिथून परतल्यावर त्यांचा फोन आला. आधी पाऊसपाणी झालं, धान झालं, माझी तब्येत झाली. ठेवता ठेवता म्हणाले, "अन् जवाईबापू, रस्त्यात तुमचा प्लग भेटला होता. मजेत आहे."